गणपूर्तीअभावी

१

चंद्रप्रकाश तावड्यांनी चौतीस वर्षं पुढाऱ्यांची भाषणं फुकट लिहून घेतली, आणि निवृत्त झाल्यावर तीच विकत घ्यायला सुरुवात केली.

एका सरकारी मंडळात ते सभा-लिपिक होते. म्हणजे सभेत कोण आलं, कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, हे सगळं टिपायचं आणि इतिवृत्त तयार करायचं. या कामात दोन गोष्टी शिकायला मिळतात. एक, न ऐकता लिहिणं. दुसरी, न बघता मोजणं. मान वर न करता, नुसत्या खुर्च्यांच्या आवाजावरून किती माणसं उठली हे तावडे सांगत आणि त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता.

आता मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांत राजकारणाच्या एकशे बारा रेकॉर्डी होत्या. थोर नेत्यांच्या नव्हेत. त्या कुणाकडेही असतात. तावड्यांचा शौक पडेल उमेदवारांचा. बादली ही निशाणी घेऊन उभा राहिलेला आणि स्वतःच्याच प्रचाराची लावणी स्वतःच गायलेला एक वकील होता. एका साखरसम्राटाच्या षष्ट्यब्दीचा दोन तबकड्यांचा संच होता. त्यात भाषण नऊ मिनिटं आणि टाळ्या एकवीस मिनिटं. एका माजी उपमंत्र्यानं तबल्याच्या साथीवर आपला जाहीरनामा वाचला होता. तबलजी बरा होता.

रोज दुपारी साडेतीनला, समोरच्या शाळेची घंटा झाली की, तावडे लोखंडी घडीची खुर्ची ओढत रेकॉर्ड प्लेअरसमोर आणत. खुर्चीच्या मागच्या एका पायाचं रबरी बूच चार वर्षांपूर्वी हरवलं होतं, त्यामुळे ती फरशीवर किंचाळायची आणि जरा डगमगायची. मग नोंदवही उघडून ते त्या दिवशीच्या रेकॉर्डचं रीतसर इतिवृत्त लिहीत. कुणासाठी, असं विचारणारं एकच माणूस होतं.

"आता तरी पगार कोण देता तुमका?" सुगंधाबाई स्वयंपाकघरातून विचारत.

त्या मूळच्या मालवणच्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण टोमणा मारायचा तर अजून गावाकडच्या बोलीतच. शेजारच्या इमारतीतल्या शुभाताईंकडे त्यांचं भजनी मंडळ जमायचं. तावड्यांच्या मते तेही एक राजकारणच होतं, फक्त त्याची रेकॉर्ड निघाली नव्हती.

२

ती रेकॉर्ड धम्मपाल शिरसाटनं आणली. धम्मपाल मानखुर्दचा. त्याचा माइक आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता. मंडळाच्या सभांना तोच यायचा, तेव्हापासूनची दोस्ती. आता धंदा पोराच्या हाती होता आणि धम्मपाल जुन्या बाजारात रेकॉर्डी धुंडाळत फिरायचा, अर्धा हौसेनं आणि अर्धा तावड्यांना चिडवायला.

"घे तावडे. तुझ्या लायकीचा माल आहे," त्यानं पिशवीतून कव्हर काढलं. "पुढारी पण नाही आणि नाव पण नाही."

काळ्या कडांचं पांढरं कव्हर. मध्ये फोटोसाठी चौकोन आखलेला, आत काहीच नाही. खाली बारीक अक्षरांत एकच ओळ: *शोकसभा. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण.* पक्ष नाही, गाव नाही, साल नाही, कंपनीचं नावही नाही.

"मेलं कोण?" तावड्यांनी विचारलं.

"ते ऐकून तू मला सांग. मला एकशे तेरावी रेकॉर्ड देण्याचं पुण्य मिळालं, बस."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तावड्यांनी सुई ठेवली. थोडी खरखर झाली. मग एका म्हाताऱ्या अध्यक्षाचा आवाज, थकलेला पण सभ्य: "दिवंगत आत्म्यास श्रद्धांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, अशी विनंती."

खुर्च्या सरकल्या. आणि तावडेही उभे राहिले.

विचार करून नव्हे. चौतीस वर्षांत त्यांनी किमान तीनशे मृतांसाठी दोन-दोन मिनिटं दिली होती. त्यांतले निम्मे तावड्यांना हयातीत ओळखतही नव्हते. ते वाक्य कानावर पडलं की गुडघे आपोआप सरळ व्हायचे. खुर्ची फरशीवर किंचाळली. ते हात जोडून, मान खाली घालून, आपल्याच घरात रेकॉर्ड प्लेअरसमोर उभे राहिले, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊनही बसले नाहीत. मध्येच बसणं बरं दिसत नाही.

सुगंधाबाई दारात येऊन पदरात हसल्या. "कोणासाठी उभे राहिलात हो?"

त्यांनी हातानं गप्प राहायची खूण केली.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. मग: "सचिव, किती उठले?"

"अकरा, साहेब."

"लागतात किती?"

"बारा."

"मग ठराव कसा मांडणार? गणपूर्ती नाही. वाट पाहू."

बाजू तिथंच संपली. दुसऱ्या बाजूला नुसती खरखर होती.

तावड्यांना मनापासून हसू आलं. आपल्या सोसायटीच्या सभेला माणसं जमत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण गणपूर्ती न झाल्यामुळे न झालेल्या शोकसभेची रेकॉर्ड काढणारा महाभाग त्यांच्या ऐकण्यात नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं: *हजर ११. आवश्यक १२. ठराव नाही.* सचिव मात्र त्यांना आवडला. कामाचा माणूस वाटत होता.

"'अकरा, साहेब' कोणाक म्हणालात?" चहा ठेवताना सुगंधाबाईंनी विचारलं.

"मी नाही. रेकॉर्ड."

"असं? माका तुमचोच आवाज वाटलो."

३

कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा तावड्यांचा नियम. दोन दिवसांनी त्यांनी तीच बाजू पुन्हा लावली. या वेळी सावध होते; "स्तब्ध उभं राहावं" आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक धरून ठेवली.

खुर्च्या सरकल्या. त्यांनी मोजल्या. लाकडी, जड, सभागृहातल्या असतात तशा. अकरा. आणि मग, अर्धा क्षण उशिरा, बारावी. ती लाकडी नव्हती. लोखंडी होती, आणि एका पायाला बूच नव्हतं.

त्यानंतरच्या शांततेत, फार लांबून, जणू भिंतीपलीकडून, एक बाई हसली.

"सचिव, किती उठले?"

"बारा, साहेब."

"गणपूर्ती झाली," अध्यक्ष समाधानानं म्हणाले. "ठराव घ्या."

बाजू संपली. सुई शेवटच्या चरीत टकटकत राहिली आणि तावडे ती उचलायचं विसरले.

त्यांनी वही उघडली. *हजर ११*, त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत, खाडाखोड नाही. ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण माणूस बाकी काहीही विसरेल, ज्या आकड्यावर हसला तो आकडा विसरत नाही. मग वयाकडे बोट दाखवलं. वय हे फार सोयीचं असतं, काहीही त्याच्या खात्यात टाकता येतं. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी ती खुर्ची फरशीवरून चार वेळा सरकवून पाहिली, आणि चारही वेळा तोच आवाज आला.

त्यांनी धम्मपालला फोन केला.

४

धम्मपालनं आल्या आल्या चहा मागितला, बिस्किटं मागितली आणि मग कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

"यंत्र काढून ऐकणार?" तावड्यांनी विचारलं.

"ते माणसांचं बोलणं ऐकायला लागतं. आवाज मला असाच कळतो. लाव."

तावड्यांनी त्याला खुर्च्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगून दाखवलेलं भूत सगळ्यांनाच दिसतं. धम्मपाल डोळे मिटून ऐकत राहिला. खुर्च्या सरकल्या, शांतता झाली, आकडा आला. बारा.

"पुन्हा लाव. फक्त ती शांतता."

पुन्हा लावली. धम्मपालची मान हळूहळू तिरकी झाली.

"तावडे, हा हॉल नाही रे."

"म्हणजे?"

"अरे, हॉलला छत उंच असतं. आवाज वर जातो, फिरून येतो. चाळीस वर्षं मी तेच सांभाळलंय. इथं आवाज जातच नाही कुठं. दहा बाय बाराची खोली आहे. छत खाली. एका बाजूला काचेचं कपाट असणार, नाहीतर असा टणत्कार येत नाही." तो बोलता बोलता थांबला. "आणि पंखा आहे. ऐक. दोन फेरे गप्प, तिसऱ्याला कुरकुर."

दोघांनीही एकदम वर पाहिलं. पंखा फिरत होता. दोन फेरे गप्प, तिसऱ्याला कुरकुर. धम्मपालची नजर खाली आली ती काचेच्या कपाटावर थांबली.

मग धम्मपालनं कानातलं यंत्र पुन्हा चढवलं, जणू दार लावून घेतलं.

"फोडून टाक," तो म्हणाला.

"फोडून काय होणार? फाइल जाळली म्हणून ठराव रद्द होत नाही. आमच्याकडे नाही का आग लागली होती? सगळे निर्णय कायम राहिले, फक्त वाचायला मिळेनात."

"च्यायला, हे काय तुझं ऑफिस आहे?"

"सभा म्हणजे सभा."

"मग दुसरी बाजू मी ऐकणार नाही, आणि तूही ऐकू नकोस." तो चपला घालू लागला. "मी नेली असती परत. पण खरं सांगतो, मला ती घरात नको. तू शिव्या घाल, पण नको."

दारात त्यानं वळून आत हाक मारली, "वहिनी, येतो. तब्येतीला जपा." आणि ते ऐकून तावड्यांना, का कोण जाणे, त्याचा राग आला.

५

दुसरी बाजू कोरी होती, हे वहीत नोंदलेलं होतं. पण गणपूर्ती झाल्यावर सभा कोरी राहत नाही. तावड्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सुगंधाबाई भाजीला गेल्या तेव्हा त्यांनी तबकडी उलटी केली.

सभा सुरू व्हायच्या आधीची कुजबुज होती. कागद सरकत होते. कुणीतरी नाक शिंकरलं. मग अगदी जवळून, माइकच्या शेजारी बसल्यासारखे दोघं बोलू लागले.

"कशानं गेल्या?"

"पडल्या म्हणे. वरचा डबा काढायला चढल्या होत्या."

"आणि नवरा?"

"घरातच. हाताच्या अंतरावर."

"मग?"

"ऐकत होता म्हणे."

कुणीतरी चक् चक् केलं. घंटी वाजली. सचिवानं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली, एकसुरी, स्पष्ट, प्रत्येक स्वल्पविरामाला मान देत: "ही सभा असा ठराव करते की, मुलुंड पूर्व येथील रहिवासी आणि भजनी मंडळाच्या ज्येष्ठ सभासद, कैलासवासी सौभाग्यवती…"

तावड्यांनी सुई उचलली. घाईत तबकडीवर आडवा ओरखडा उठला.

नाव आलं नव्हतं. ठराव मांडला जात होता, मंजूर झाला नव्हता. या दोन गोष्टींत फरक आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते खुर्चीत बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियमांची उजळणी स्वतःसाठी केली.

जिन्यात पिशवीचा आवाज आला. सुगंधाबाई धापा टाकत आत आल्या आणि पंख्याखाली टेकल्या. तावडे त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावर घाम होता, एका कानामागं पेन्सिलीसारखी कढीलिंबाची काडी खोचली होती; भाजीवाल्याशी हुज्जत घालताना हात मोकळे हवेत म्हणून.

"असे काय बघताय? नवरी आसंय मी?"

"काही नाही," तावडे म्हणाले. "बस जरा."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचललं आणि तळमजल्यावरच्या हर्षदला देऊन टाकलं. हर्षदनं कशाला म्हणून विचारलं. तुझ्या दुकानात लागेल, असं ते म्हणाले. हर्षदचं दुकान मोबाइलचं होतं.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लांबलचक माळा होता. सणासुदीची भांडी, पापडांचे डबे आणि एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात भजनी मंडळाचे जादा टाळ. ते सगळं खाली काढून ठेवावं, असं तावड्यांच्या मनात आलं. पण उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. हात छातीच्या वर जात नव्हता. त्यांच्या रेकॉर्डीही त्यामुळेच खालच्या खणात होत्या. उद्या हर्षदलाच बोलावू, असं त्यांनी ठरवलं. आणि स्टूल तर घरात नव्हतंच.

६

सुगंधाबाईंना सांगावं का? त्यांनी रात्री जेवताना दोनदा तोंड उघडलं. पण काय सांगणार? एका रेकॉर्डमध्ये तुझा शोकठराव आहे, आणि मी उभा राहिलो म्हणून तो मांडला गेला? बेचाळीस वर्षांत तिनं त्यांना पुष्कळ गोष्टींवरून हसून घेतलं होतं. या एका गोष्टीवर ती हसली असती तर त्यांना सहन झालं नसतं, आणि हसली नसती तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी भजनाचा वार होता. सव्वातीनला सुगंधाबाई केसांत अबोली माळून शुभाताईंकडे निघाल्या. साडेपाचपर्यंत घर रिकामं राहणार होतं. तावड्यांनी दार लावलं, कडी तपासली, आणि घंटा झाल्यावर पहिली बाजू लावली.

खुर्च्या सरकल्या. ते बसून राहिले. दोन मिनिटं गेली. तेवढ्यात स्वतःच्या मांड्यांवर किती जोरानं हात दाबावे लागतात, हे त्यांना कळलं.

"सचिव, किती उठले?"

"बारा, साहेब."

"गणपूर्ती—"

"हरकत आहे," तावडे मोठ्यानं म्हणाले. त्यांनी डावा हात वर केला. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकून त्यांना लाज वाटली, पण ते बोलत राहिले. "अध्यक्ष महोदय, बारावा माणूस सभासद नाही. हजेरीपटावर त्याची सही नाही. सही नसलेला माणूस हजर धरता येत नाही. तो उठला तो सवयीनं. गणपूर्ती नाही."

तबकडी फिरत होती. खरखर चालू होती. अध्यक्ष गप्प होते. चौतीस वर्षांत कुठल्याही अध्यक्षानं तावड्यांचं काही ऐकून घेण्यासाठी भाषण थांबवलं नव्हतं.

मग कागदांची सळसळ झाली. पानं उलटली गेली. कुणीतरी हळू आवाजात काहीतरी विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं.

"हरकत ग्राह्य," अध्यक्ष म्हणाले. "हजर अकरा."

तावड्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आयुष्यभर जे शिकलो ते एकदा तरी कामाला आलं. चष्मा पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"गणपूर्तीअभावी," अध्यक्ष पुढं म्हणाले, "ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

रुमाल तसाच हातात राहिला.

कारण पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या माणसाला ते पाठ असतं. सभेला माणसं जमत नाहीत, सभा अर्धा तास तहकूब होते, चार जण जिन्यात गप्पा मारतात, आणि मग—

सचिव वाचू लागला, आणि त्याच्यासोबत तावड्यांचे ओठही हलले: "तहकूब सभा अर्ध्या तासानंतर याच ठिकाणी घेण्यात येईल. तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही."

याच ठिकाणी.

सुई शेवटच्या चरीत गेली. तावड्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. त्यांनी प्लेअर बंद केला, त्याची वायर प्लगमधून उपसली, तबकडी कव्हरात घालून कव्हर कपाटात आणि कपाटाला कुलूप घातलं. ऐकत होता म्हणे. आता ऐकण्यासारखं काही उरलं नाही, असं ते स्वतःशी म्हणाले.

मग त्यांनी सुगंधाबाईंना फोन लावला. घरी येऊ नकोस, तिथंच बसून राहा, एवढंच सांगायचं होतं. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला.

७

भजन साडेपाचशिवाय संपत नाही, असं स्वतःला समजावत तावडे घड्याळासमोर बसले होते, तोच चार वाजता दारात किल्ली फिरली.

"कडी कित्याक लावलीत? उघडा!"

तावड्यांनी दार उघडलं. सुगंधाबाई वैतागल्या होत्या. "शुभाच्या टाळांची दोरी तुटली. जादाचे टाळ आपल्याकडे माळ्यावर. सगळ्या बायका खोळंबल्यात." त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "स्टूल खंय?"

"दिलं."

"कोणाला?"

"हर्षदला."

"मग मी आता काय विमानानं चढू?"

"चढू नकोस." तावड्यांचा आवाज असा निघाला की त्या वळून बघायला लागल्या. "आज नको. टाळांशिवाय म्हणा भजन. टाळ्या वाजवा."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. तू बस इथं. खाली बस. दहा मिनिटं. सव्वाचारनंतर हर्षदला बोलावतो, तो काढून देईल."

त्यांचा चेहरा बघून सुगंधाबाईंनी वाद घातला नाही. "बरं बाई. चहा तरी करू? का तोही सव्वाचारनंतर?"

"चहा कर."

तावड्यांनी बाहेरच्या खोलीतून आपली लोखंडी खुर्ची आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या आत, ओट्यापासून हातभर अंतरावर मांडून बसले. इथून ती पूर्ण दिसत होती. तिची पाठ, अबोलीचा गजरा, आधणाची वाफ. ती आलं किसत होती आणि मधूनमधून त्यांच्याकडे बघत होती. चार वाजून पाच. चार वाजून सात.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी कोणासाठी उभे राहिला होतात?"

"कुणासाठी नाही गं."

"उगाच कोण उभा राहतो?"

तावड्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा झाले. त्यांच्या मागं, बाहेरच्या खोलीत, एक खुर्ची सरकली.

बाहेरच्या खोलीत खुर्ची नव्हती. घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ते बसले होते. आवाज लाकडी होता, जड. मग दुसरी सरकली. आणि तावडे उभे राहिले.

गुडघ्यांनी त्यांना विचारलं नाही. ते वळून दाराच्या चौकटीत आले. दुपारच्या उन्हात खोली होती तशीच होती. कपाटाला कुलूप. प्लेअरची वायर फरशीवर पडलेली. पंखा, दोन फेरे गप्प, तिसऱ्याला कुरकुर. फक्त कपाटाच्या काचेत, जिथं समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडायचं तिथं, खिडकी दिसत नव्हती. काहीतरी तिच्या आड येत होतं. काळसर, उभं, मान खाली घातलेलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक.

तिसरी खुर्ची. चौथी.

"अहो," मागून सुगंधाबाई म्हणाल्या, "ही खुर्ची जरा घेते हं. दोन मिनिटांचं काम."

"श्श," तावडे म्हणाले. त्यांनी मागं न बघता हातानं गप्प राहायची खूण केली. मोजताना मध्ये बोललं की आकडा चुकतो. पाच. सहा. सात. काच भरत चालली होती. आठ, नऊ एकदम सरकल्या, पण त्यांच्या कानानं त्या वेगळ्या केल्या. दहा.

अकरा.

सगळे उभे राहिले होते. खोलीत ती शांतता पसरली, जी त्यांना तीनशे वेळा उभं राहून पाठ झाली होती. मान खाली घालावी, हात जोडावेत अशी शांतता. अकरा. गणपूर्तीला एक कमी. तावडे आणखी क्षणभर थांबले, नीट खात्री करून घ्यायला, मान जरा तिरकी करून, ऐकत.

मग त्यांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, फरशीवर खुर्ची किंचाळली. लोखंडी होती. एका पायाला बूच नव्हतं.

"बारा, साहेब," तावडे म्हणाले.